दारातला कावळा

घरचं नाव एकदा पडलं की ते काही केल्या पुसलं जात नाही. संग्रहालयात ज्याला सगळे 'मांडणीकार साहेब' म्हणत, ज्याने 'जरा डावीकडे' म्हटलं की सुतार मुकाट्याने अख्खी भिंत डावीकडे सरकवत, तो गृहस्थ घरच्या उंबऱ्याच्या आत आला की चिमण्या होत असे. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, चष्म्याचा नंबर वाढला, तरी चिमण्याच. नाव आत्याने ठेवलेलं आणि आत्या त्याच्याच घरी राहायला, त्यामुळे त्यात काही सवलत मिळेल अशी आशा त्याने कधीच सोडून दिली होती.

आत्याचं लग्न झालं आणि नवी नवलाई सरायच्या आत नवरा गेला. ती माहेरी परत आली ती कायमची. चिमण्याची आई एका बाळंतपणातून उठते न उठते तोच दुसऱ्यात अडकायची, त्यामुळे थोरलं पोर आपोआप आत्याच्या ओटीत पडलं. त्याला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शाळेच्या फाटकापर्यंत सोडणं आणि फाटकापाशी त्याने गळा काढला की सुट्टी होईपर्यंत तिथेच उभं राहणं, हे सगळं तिने केलं. पुढे घरातली मोठी माणसं गेली, भावंडं पांगली, तेव्हा चिमण्याने हट्टाने आत्याला आपल्याकडे आणलं. त्याच्या बायकोने तिला कधी परकं मानलं नाही. म्हणजे माणूस वाईट नव्हता बरं का. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, ही तशी नाही.

तर संग्रहालयात एक नवं दालन उभं राहत होतं. 'भारत: एक ओळख'. ज्यांना भारताबद्दल ओ की ठो माहीत नाही अशा पाहुण्यांना संस्कृती, परंपरा आणि इतिहास हे सगळं एकाच फेरीत, पाय दुखायच्या आत दाखवायचं होतं. हजारो वर्षांचा इतिहास आणि टेकायला एकच बाक, अशी ती योजना. सुरुवातीला मातीच्या जुन्या मुद्रा, मग लिप्या, नाणी, कापड, राजे, तलवारी, देवळांचे नमुने, स्वातंत्र्य, आणि शेवटी बाहेर पडण्याच्या दाराशेजारी मोठी भिंत 'कुटुंब' या विषयासाठी. त्या भिंतीवरचा मजकूर संचालकबाईंनी स्वतः लिहिला होता: 'या घरात प्रत्येकाला जागा असते.' खाली जमिनीपासून वरपर्यंत एका जुन्या एकत्र कुटुंबाचा फोटो लावायचा होता, माणसं खऱ्या माणसांएवढी दिसतील असा.

पण असा फोटो मिळेना. जे मिळत ते स्टुडिओतले, सगळे जण इस्त्री केल्यासारखे उभे. शेवटी बैठकीत मांडणीकार म्हणाला, "आमच्या घरचा एक आहे. धाकट्या काकाच्या लग्नानंतर अंगणात काढलेला." संचालकबाईंनी तो पाहिला आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मधोमध आजोबा, बाजूला आजी, हार घातलेले नवरा-नवरी, काका, काकू, वडील, कडेवर तान्हं बाळ घेतलेली आई, आणि पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरंटोरं. अगदी उजव्या टोकाला अर्धी चड्डी घातलेला एक लहान मुलगा. सगळे समोर बघतायत आणि तो एकटाच मान वळवून बाजूला बघतोय. "हा कोण हो इतका गोड?" बाईंनी विचारलं. "मी," मांडणीकार म्हणाला, आणि त्याला पुढचे दोन दिवस चालताना जमीन जरा मऊ लागत होती.

फोटो वर्षानुवर्षं काचेच्या चौकटीत होता. मोठा करण्यासाठी तो चौकटीतून बाहेर काढला तेव्हा चारी बाजूंनी लावलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्टीखाली आणखी थोडा फोटो निघाला. उजवीकडे घराचं दार. दाराच्या चौकटीला हात लावून एक बाई उभी. एक खांदा दिसतोय, एक दिसत नाही. चेहरा मात्र पुरता दिसतोय. मांडणीकाराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आत्या होती.

त्या संध्याकाळी त्याने फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आत्याला हाक मारली. आत्या हात पुसत आली, चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला, तो केसांतच सापडला.

"हे बघ. ही कोण?"

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग पुन्हा जवळ नेला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मी आहे की यात."

"पट्टीखाली लपली होतीस. इतकी वर्षं भिंतीवर होतीस आणि आम्हाला पत्ताच नाही."

"मी नव्हते रे फोटोत. मला कोणी बोलावलं नव्हतं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, माहिती द्यावी तसं ती सांगत होती. "शुभकार्याचा फोटो. त्यात विधवेने कशाला, असं होतं तेव्हा. कोणी काही वाईट बोललं नाही हो. नुसतं कोणी बोलावलं नाही. मी आपली आत भांडी आवरत होते, आणि मग..." ती थांबली आणि फोटोकडे बघत राहिली. "किती बारीक होते ना मी?"

"आता भिंतीवर चांगली उंच दिसशील. दालनात लावतोय हा. सगळं जग बघेल."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. मग तिचा चेहरा उतरला. "काढतील रे मला. कडेला आहे मी. कडेचं काढतात."

"कोण काढतंय!" चिमण्या छाती काढून म्हणाला. "भिंत माझी, फोटो माझा, आत्या माझी."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. पण बोलला, आणि ते ऐकायला त्याची बायकोही तिथे होती.

दुसऱ्या दिवसापासून आत्याच्या अंगात वारं शिरलं. तळमजल्यावरच्या काकूला तिने जिन्यातच गाठून सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, फोन चुकून लागलेल्या एका परक्या बाईलाही सांगितलं. साडीवर शोभेल असं नवं पोलकं शिवायला टाकलं. शिंपी म्हणाला, "कुणाचं लग्न?" तर म्हणाली, "लग्न कसलं मेल्या, मी भिंतीवर लागतेय." रोज संध्याकाळी चिमण्या घरी आला की पहिला प्रश्न, "लागले का मी?"

"लागशील, लागशील," चिमण्या म्हणायचा.

फोटो छापून आला. गुंडाळी उलगडून कार्यशाळेतल्या लांब टेबलावर पसरली तेव्हा सगळी भावकी तिथे आडवी झाली. संचालकबाई बघायला आल्या. टेबलाभोवती एक फेरी मारून त्या उजव्या टोकाशी थांबल्या.

"ही कोण?"

"माझी आत्या."

"अर्धीच आलीय. आणि बाकी सगळे फोटोसाठी बसलेत, ही चुकून आल्यासारखी वाटते." मग त्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "विधवा का?"

"हो."

"मग लोक विचारणार, ही दारात का? मग ते सगळं सांगत बसायचं. मला ते मान्य आहे, तसं होतं, वाईट होतं. पण ही ओळख आहे हो. पहिल्या भेटीत पाहुण्याला आपण घरातलं भांडण सांगतो का? आणि तसंही हे टोक बाहेरच्या दारावर येतंय. तुम्हीच बघा, तुमची नजर आहे."

बाई काही राक्षसीण नव्हत्या. त्यांनी हुकूमसुद्धा केला नाही. 'तुम्हीच बघा' म्हणाल्या आणि पट्टी, पेन्सिल, सगळं त्याच्याच हातात ठेवून निघून गेल्या. ही माझी आत्या आहे, हिने मला वाढवलंय, ही राहील आणि तुमचं दार सरकेल, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मांडणीकार मूग गिळून उभा राहिला. त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. त्याने उजव्या टोकावर एक कोरा कागद आडवा धरला, आत्या झाकली, दोन पावलं मागे गेला आणि पाहिलं. फोटो सुधारला होता. डोळ्याला बरा वाटत होता. आजोबा बरोबर मध्यावर येत होते. इतकी वर्षं ज्या नजरेवर त्याने पोट भरलं ती नजर त्याला सांगत होती की बाईंचं बरोबर आहे.

सुतार म्हणाला, "द्या साहेब, मी कापतो." मांडणीकार म्हणाला, "नको, माझं मी करतो," आणि लोखंडी पट्टी लावून, पातं नवं घालून, वरून खालपर्यंत एका दमात त्याने कापलं. कड इतकी सरळ आली की सुताराने वाहवा केली. सुटून आलेली उभी पट्टी, तिच्यात दाराची चौकट आणि आत्या, त्याने गुंडाळली, तिला रबर लावलं आणि आपल्या टेबलाखाली पायाशी ठेवली. टाकून द्यायचा धीर झाला नाही. घरी न्यायचा तर त्याहून नाही.

"लागले का मी?" आत्याने त्या संध्याकाळी विचारलं.

"फोटो लागला," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

सांगायचं त्याने रोज ठरवलं. चहाच्या वेळी सांगू, तर चहाला काकू आलेली. जेवताना सांगू, तर आत्या नव्या पोलक्याच्या बाह्या दाखवत होती. रविवारी निवांत सांगू, तर रविवारी त्याचंच पोट बिघडलं. शब्द जिभेवर येऊन अडायचे आणि घासाबरोबर परत खाली जायचे. दालनाचं उद्घाटन जवळ आलं तसा त्याने एक शेवटचा बेत केला की नेताना गाडीत सांगायचं. गाडीत पुढे बायको, मागे आत्या आणि तळमजल्यावरची काकू. काकूने सारा रस्ता आपल्या गुडघ्यांची हकीकत सांगितली आणि चिमण्याने मनापासून तिचे आभार मानले. भित्र्या माणसाला कोणाच्याही गुडघ्यांचा आधार पुरतो.

दालनात गर्दी होती. पाहुणे, फुलं, माईक, टाळ्या. भाषणं झाली आणि लोक आत सुटले. आत्या मात्र घाई करेना. तिने सगळं पहिल्यापासून पाहिलं. मातीच्या मुद्रांपाशी थांबून म्हणाली, "एवढ्याशा वस्तू हजारो वर्षं टिकल्या आणि आपल्या घरी कपबशी टिकत नाही." एका राजाच्या तलवारीपाशी म्हणाली, "ही घेऊन हा घोड्यावर चढायचा कसा रे? कोणीतरी मागून ढकलत असणार." एरवी चिमण्या खदखदून हसला असता. आज तो तिला पुढे जाऊ देईना. "आत्या, दमली असशील, बाकावर बस जरा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाक भरलेला होता.

"चला हो, तुमचा फोटो कुठाय?" काकूला दम निघेना. ती पुढे झाली आणि थेट शेवटच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. वरचा मजकूर तिने मोठ्याने वाचला, "या घरात प्रत्येकाला जागा असते. वा! किती खरं आहे ना? आता सांगा, कुठल्या तुम्ही?"

आत्याने पिशवीतून चष्म्याचा डबा काढला, चष्मा लावला, पदर नीट केला. भिंतीच्या डावीकडून ती निघाली. एकेका माणसापाशी थांबत, काकांना, काकूंना, आजोबांना, जणू खूप दिवसांनी भेटायला आल्यासारखी ती उजवीकडे सरकत गेली. जमिनीवर बसलेल्या चिमण्यापाशी तिने खाली वाकून पाहिलं आणि हसली. मग आणखी एक पाऊल टाकलं. तिथे फोटो संपला होता. तिने फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं, वरून खाली, जिथवर हात पोचला तिथवर. मग मान वाकडी करून ती भिंतीच्या जाडीत डोकावली, उरलेला भाग मागे वळवलेला असेल असं वाटून. मागे काही नव्हतं. बाहेर पडण्याचं दार होतं.

चिमण्या तिच्यामागेच उभा होता. जमिनीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते त्याला त्या क्षणी अगदी साधं सरळ मागणं वाटलं.

आत्या वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं, फार नाही, नजर नुसती टेकून उचलावी तेवढंच. मग काकूला म्हणाली, "अगं, मी कुठे म्हटलं मी आहे म्हणून? मी म्हटलं आमच्या घरचा फोटो आहे."

"असं कसं? तुम्ही तर पोलकं..."

"पोलकं जुनं झालं होतं म्हणून शिवलं. तुझं आपलं काहीतरीच."

काकू तोंड उघडून काहीतरी बोलणार, एवढ्यात संचालकबाई खाशा पाहुण्यांचा ताफा घेऊन तिथे आल्या. पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी फोटो निरखून पाहिला आणि नेमकं त्यांचं लक्ष खालच्या उजव्या टोकाकडे गेलं.

"सगळे समोर बघतायत. हा मुलगा कुणाकडे बघतोय?"

"ते आमचे हे मांडणीकार!" बाई कौतुकाने म्हणाल्या. "सांगा ना, काय बघत होता तुम्ही?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आता बोलायचं होतं. एकच शब्द पुरला असता आणि ती बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर नवं पोलकं घालून उभी होती. "मी..." तो म्हणाला. "तिथे, म्हणजे..." पाहुणे सभ्यपणे वाट बघत होते.

"कावळा," आत्या म्हणाली.

"काय?"

"कावळा आला होता दारात. लहान मुलांना काय, पाखरू दिसलं की झालं. किती ओरडलो सगळे, इकडे बघ, इकडे बघ, पण हा बघायलाच तयार नाही."

पाहुणे दिलखुलास हसले. बाई हसल्या. कोणीतरी म्हणालं, "व्वा, म्हणजे कावळाही कुटुंबातलाच!" त्यावर आणखी हशा पिकला. आणि चिमण्यासुद्धा हसला. जिने त्याची लाज झाकायला स्वतःला कावळा म्हणवून घेतलं तिच्यासमोर उभा राहून, दात दाखवून हसला.

घरी येताना गाडीत काकूने गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. आत्याने पोलकं काढून घडी घालून कपाटात ठेवलं, रोजच्यासारखी जेवली, रोजच्यासारखी ताटं उचलली. "लागले का मी?" हा प्रश्न मात्र त्या घरातून गेला. तिने एक शिवी हासडली असती तर चिमण्याने तिचे पाय धरले असते. पण बोलली ती बायको, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन.

"तुम्ही हसलात?"

"सगळेच हसले."

"सगळे तिचे भाचे नव्हते."



पुढे दालन चांगलं चाललं. शाळांच्या सहली येऊ लागल्या. एकदा मांडणीकार एक दिवा बदलायचा म्हणून तिथे गेला, तर शेवटच्या भिंतीपाशी मुलांचा घोळका आणि पुढे गाईड. हुशार, बोलकी मुलगी, मुलांना कसं खिळवून ठेवायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं. "आता ओळखा बघू, हा मुलगा कुणाकडे बघतोय?" ती म्हणाली. "मांजर! भूत! आईस्क्रीमवाला!" मुलं ओरडली. "नाही! दारात आला होता एक काळाकुट्ट कावळा!" मग सगळी मुलं कावकाव करू लागली आणि दालन दणाणून गेलं.

मुलं गेल्यावर तो गाईडपाशी गेला. "ते कावळ्याचं राहू दे आता."

"का सर? मुलांना तेच सगळ्यात जास्त लक्षात राहतं. बाई म्हणाल्या, छान मानवी स्पर्श आहे."

"तसं नव्हतं ते."

"मग काय होतं, सर?"

ती खरोखरच विचारत होती. खरं कळलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. मांडणीकाराने भिंतीच्या सरळ, सुरेख कडेकडे पाहिलं. "बघू मग," तो म्हणाला आणि दिवा न बदलताच निघाला. आपल्या खोलीत येऊन तो टेबलाखाली वाकला. गुंडाळी होती तिथेच होती, त्याच्या बुटांची धूळ बसलेली. ती काखेत मारून तो भर दुपारी घरी गेला.

आत्या खिडकीपाशी बसून काहीतरी विणत होती. त्याला अवेळी आलेला पाहून तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता.

"आत्या, मी तुला कापलं," तो म्हणाला. दालनात निघायला हवे होते ते शब्द असे उशिरा, घरच्या खोलीत, ऐकायला तिच्याशिवाय कोणी नसताना निघाले. "दुसऱ्या कोणी नाही. मीच. माझ्या हाताने."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "इतकी सरळ कड तुझ्याशिवाय कोणाची?"

मग तिने गुंडाळीकडे बोट केलं. "ते काय?"

त्याने रबर काढलं. पट्टी कपाटाच्या दाराला लावून वरून चिकटवली. ती जमिनीपर्यंत उलगडत गेली आणि कपाटाच्या दारात आत्या उभी राहिली. तरुण, बारीक, चौकटीला हात लावलेली, आत्ताच्या आत्यापेक्षा उंच. म्हातारी आत्या उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आत्याने तिच्या गालावरची बुटाची धूळ पदराने पुसली.

"केस किती होते मला," ती म्हणाली. मग म्हणाली, "फोटोवाल्याकडे बघतच नाहीये मी."

खरंच ती समोर बघत नव्हती. तिची नजर खाली डावीकडे होती, जिथे पट्टी संपत होती त्याच्याही पलीकडे.

"तुला आठवत नसणार. एवढासा होतास. फोटोवाला म्हणाला, सगळे इकडे बघा. तू म्हणालास, आत्या कुठाय? तुझे आजोबा म्हणाले, समोर बघ. तू बघेनास. आत्या नाही तर मी नाही बघणार म्हणालास. तुझ्या बापाने एक चापट दिली. तरी मान दाराकडेच. शेवटी रडायला लागलास म्हणून मी आतून दारापर्यंत आले. येणारच नव्हते मी. तुला गप्प करायला आले, आणि फोटोवाल्याने बटण दाबलं." ती थोडी हसली. "सगळं घर ओरडत होतं तुझ्यावर, पण तू काही मान वळवली नाहीस हो."

चिमण्याला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर कापलं नसतं, असं स्वतःला सांगायचा त्याने प्रयत्न केला आणि तेही खोटं आहे हे त्याला लगेच कळलं.

"मी तुला परत लावतो," तो घाईने म्हणाला. "आत्ता जाऊन बाईंना सांगतो. दार सरकवतो."

"सांग की. तुझी भिंत आहे, तुझं तू बघ." आत्या त्याच्याकडे न बघता पट्टीची खालची वळलेली कड पायाने सरळ करत होती. मग तिने कपाटाच्या डाव्या बाजूची जमीन दाखवली. "आधी इथे बस."

"कशाला?"

"बस रे. ती उगाच फरशीकडे बघतेय, बरं नाही दिसत. खाली बस. मांडी घाल."

पोट सावरत, गुडघे कुरकुरत, मांडणीकार जमिनीवर बसला. आत्याने एक डोळा मिटून अंदाज घेतला. "अजून थोडा पुढे. हां. बरोबर तिथेच होतास तू." आणि मग, पूर्वी शाळेच्या फाटकापाशी म्हणायची त्या आवाजात म्हणाली, "आता बघ तिच्याकडे."

चिमण्याने मान वळवली. दारातली आत्या खाली त्याच्याकडे बघत होती, तो रडायचा थांबेल म्हणून वाट बघत होती. त्याची नजर तिच्या पावलांपर्यंत गेली आणि तिथून वर काही जाईना.